दाखवायचे राहिलेले सतरा खेळ

मी, खाली सही करणारी, वय बाहत्तर पूर्ण, व्यवसाय पटावरचे खेळ तयार करणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी आज सकाळी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही, निदान या कागदापुरते तरी नाही. याआधी आयुष्यात मी एकाच महत्त्वाच्या कागदावर सही केली, आणि ती तो पुरता न वाचता. म्हणून हा कागद तीनदा वाचूनच त्यावर सही करीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले : घर

तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे राहते घर माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एका मुलाच्या मालकीचे व्हावे. मात्र त्यात माझ्या नणंदेने, म्हणजे माझ्या कैलासवासी पतींच्या धाकट्या बहिणीने, तहहयात हक्काने राहावे. तिच्या हयातीत घर विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि 'आत्याची सोय चांगल्या ठिकाणी करू' हे बोलणे काढू नये. कपाट, टेबल आणि दोन्ही खुर्च्या आहेत त्या जागेवरून बोटभरही हलवू नयेत. या घरात ती काठीशिवाय चालते.

मी तिला वन्सं म्हणते, म्हणून पुढेही तसेच लिहिते. वन्सं शाळेत गणित शिकवीत. छत्तिसाव्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचा आजार बळावला आणि दोन वर्षांत दृष्टी पूर्ण गेली. नोकरी सुटली. लग्न त्यांनी केले नव्हते. एक ट्रंक घेऊन त्या आमच्याकडे आल्या, त्याला आता एकतीस वर्षे झाली.

त्या आल्या तेव्हा मला आनंद झाला नव्हता, हे लिहून ठेवते. माझे लग्न ठरत असताना त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या, "हिला खेळ सुचतात, पण संसार सुचेल का?" ते वाक्य मी बारा वर्षे मनात धरून बसले होते.

कलम दुसरे : शिल्लक

बँकेत जे असेल ते वन्संच्या औषधपाण्यासाठी व देखभालीसाठी वापरावे. उरले तर मुलाचे. याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम तिसरे : हत्यारे

माझी पुठ्ठा कापायची सुरी, लोखंडी पट्टी, भोके पाडायची आरी, लाकूड घासायच्या तीन कानशी, सरसाचे भांडे आणि कंपासपेटी तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंना द्यावी. त्यांनी मला वर्षानुवर्षे मखमलीचे, खादीचे, कॅनव्हासचे तुकडे आणि तुटकी बटणे दिली, आणि कशाला हवीत असे एकदाही विचारले नाही. न विचारणारी माणसे फार थोडी असतात. सुरीची मूठ सैल आहे, तेवढे त्यांना सांगावे.

कलम चौथे : तेवीस डबे

माळ्यावर एकाच खेळाच्या तेवीस आवृत्त्यांचे तेवीस डबे आहेत. ते ज्या कंपनीसाठी मी काम केले तिला परत करावेत. मुलाला हवे असतील तर त्याने ठेवावेत. तो त्या कंपनीत विक्री विभागाचा प्रमुख आहे आणि त्याचे अर्धे आयुष्य हे डबे विकण्यात गेले आहे.

हे मृत्युपत्र पुढे कोणी परका वाचेल, म्हणून सांगते. मी अठ्ठावीस वर्षांची असताना दूरदर्शनवर 'ही मी निघाले' नावाची विनोदी मालिका लागे. तिच्यातली धाकटी सून दर आठवड्याला बॅग भरून घर सोडायला निघे, आणि दर आठवड्याला काहीतरी होऊन पुन्हा बॅग रिकामी करी. कधी दूध उतू जाई, कधी सासऱ्यांचा चष्मा हरवे, कधी पाहुणे दारात उभे राहत. ती दारापर्यंत जाऊन वळली की सगळे घर पोट धरून हसे. लोक बसमध्ये, कचेरीत, दवाखान्याच्या रांगेत तिचे बोलणे म्हणून दाखवीत. मालिका अकरा वर्षे चालली. संपली तरी पुन्हा पुन्हा दाखवतात.

तिच्यावर पटावरचा खेळ काढायचे आमच्या मालकांनी ठरवले आणि काम माझ्याकडे आले. मी तोवर डब्यांवरची चित्रे काढत असे. मी त्या घराचा नकाशा काढून त्याची चौसष्ट घरे पाडली. चार खेळाडूंना चार रंगांच्या चिमुकल्या बॅगा दिल्या. पत्ते केले : 'दूध उतू गेले, स्वयंपाकघरात परत', 'चष्मा शोधा, तीन घरे मागे'. चौसष्टावे घर म्हणजे दार. सहा पडले की दार उघडे आणि धाकटी बाहेर. जो आधी बाहेर पडेल तो जिंकला.

मालकांनी खेळून पाहिला, खूश झाले, आणि मग म्हणाले, "बाई, ती बाहेर गेली तर मालिका संपली. दार नुसतं काढा. उघडायचं नाही."

मी विचारले, मग जिंकायचे कसे? ते म्हणाले, पत्ते संपले की ज्याची बॅग जास्त भरलेली तो जिंकला.

तसेच केले. खेळ तुफान खपला. माझे पती पाहुण्यांपुढे तो मांडत, नियम चुकीचे सांगत, आणि माझ्याकडे बोट दाखवत, "हिने केलाय." मी एकदा दाराचे बोलले तर म्हणाले, "दार उघडं ठेवलं असतंस तर खेळ दहा मिनिटांत आटपला असता." ते नऊ वर्षांपूर्वी गेले. मनाने वाईट नव्हते. पण ते वाक्य मी त्यांना माफ केलेले नाही. बाकी सर्व केले आहे.

मग प्रवासी आवृत्ती, लोहचुंबकाची आवृत्ती, कचेरी आवृत्ती, लहान मुलांची, मोठ्या अक्षरांची. दर वेळी तेच घर, तीच धाकटी, तेच बंद दार. अठ्ठेचाळीस वर्षांची असताना मी एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीचा रंग बदलला, तर मालिकावाल्यांचे पत्र आले की खिडकी हिरवीच हवी.

त्याच माळ्यावर मुलांच्या पत्रांचे गाठोडे आहे. डब्यावर कंपनीचा पत्ता होता, त्यावर ती येत आणि कंपनी माझ्याकडे पाठवी. बहुतेक सगळ्यांचा प्रश्न एकच : दार कसे उघडायचे? मी प्रत्येकाला हाताने उत्तर लिहिले की नियमात तशी सोय नाही. एका मुलीने उलट टपाली कळवले की तिने ब्लेडने दार कापून काढले आहे आणि आता तिच्या घरी सगळे नीट खेळतात. ते पत्र माझ्या उशीखाली आहे. ते माझ्याबरोबर जाळावे. बाकीची रद्दीत द्यावीत.

कलम पाचवे : करार

पहिला खेळ छापायला जाण्याच्या दिवशी मालकांनी चहा मागवला आणि करार पुढे ठेवला. माझे नाव डब्याच्या मागे बारीक अक्षरांत येणार होते, त्या आनंदात मी होते. आठ कलमे वाचली. मालक म्हणाले, "पुढे सगळं तेच आहे हो." मी सही केली.

नववे कलम असे आहे : 'सदर बाई त्यांच्या हयातीत जो कोणताही खेळ इतर कोणासही दाखवतील, विकतील अथवा छापून घेतील, तो कंपनीच्या मालकीचा राहील.' त्यात नोकरी असेपर्यंत, असे नाही. हयातीत, असे आहे.

हे मला कळले ते तेहतिसाव्या वर्षी. मी 'वारूळ' नावाचा खेळ केला होता. मुंग्यांचे रस्ते पालथ्या फरशांखाली लपलेले, आणि लक्षात ठेवून वाट काढायची. माझ्या हातून झालेली ती पहिली खरी चांगली गोष्ट होती. सुट्टी टाकून दुसऱ्या एका कंपनीत तो दाखवून आले. त्यांना आवडला. आठ दिवसांत आमच्या मालकांनी बोलावले, कराराचा शेवटचा कागद काढला आणि नवव्या कलमावर बोट ठेवले. ओरडले नाहीत. पाणी हवे का, असे विचारले.

चार महिन्यांनी 'ही मी निघाले : मुंग्या आल्या!' ही आवृत्ती निघाली. माझ्या वारुळाचे रस्ते स्वयंपाकघरातले खण झाले होते आणि डब्यावर धाकटी स्टुलावर चढून किंचाळत होती. ते चित्र मलाच काढावे लागले.

त्यानंतर मी कोणाला काही दाखवले नाही. नोकरी सोडून पाहिली. अडीच वर्षे घरी बसले, शेवटी परत गेले, कारण करता येत होते ते एवढेच, आणि दुसरीकडे केले तरी ते त्यांचेच. खेळ सुचायचे मात्र थांबले नाही. ते थांबले असते तर सुटले असते. खेळ करून तो कपाटात ठेवायचा, आणि दोन्ही बाजूंनी आपणच खेळायचे. कपाट उघडे असले आणि दाराची घंटा वाजली की मला धडकी भरे. माझ्या स्वतःच्या घरात मी चोरासारखी राहिले.

कलम सहावे : सतरा खेळ

वन्सं आल्यानंतर दुसऱ्या वर्षी एका दुपारी मी बाहेरून आले तर त्या टेबलाशी बसल्या होत्या, आणि मी विसरलेल्या सोंगट्या त्यांच्या हातात होत्या. त्यांनी त्या आकाराप्रमाणे लावल्या होत्या. विचारले, "वहिनी, ही खडबडीत आहे ती राजाची का?"

ती राजाची नव्हती. ती घासायची राहिली होती. पण त्या दिवसापासून मी सोंगट्या मुद्दाम खडबडीत करू लागले.

गेल्या एकोणतीस वर्षांत मी सतरा खेळ केले. सगळे बोटांनी खेळायचे. पटावर रंग नाहीत. घरे आहेत ती मखमलीची, पॉलिशपेपरची, दोऱ्याची, पत्र्याची. वन्सं गणिताच्या शिक्षिका, त्यामुळे नियमातली फट त्यांना पहिल्या डावात सापडे. शिवाय त्या सोंगट्या चोरत. आपल्याला दिसत नाही म्हणून मी फसवते, अशी त्यांची तक्रार असे. प्रत्यक्षात दोन सोंगट्या त्यांच्या मुठीत असत. चौथा खेळ, 'चोरपावली', मी त्यांच्या त्या सवयीवरच केला. पट पत्र्याचा आहे. वाटेल तितक्यांदा चाल करा, पण समोरच्याने आवाज ऐकला तर पहिल्या घरात परत. त्यात मी वन्संना एकदाही हरवलेले नाही.

वन्संना मी कराराबद्दल सांगितले नव्हते. मुंग्यांचे तेवढे त्यांना ठाऊक होते.

मागच्या वर्षी कंपनीने माझा सत्कार ठरवला. आमंत्रण द्यायला माझा मुलगा धाकट्या मालकांना घेऊन घरी आला. आधी कळवले नाही. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तेव्हा ते दोघे टेबलापाशी उभे होते, चोरपावलीचा पट मांडलेला होता, आणि धाकटे मालक विचारत होते की हा कोणता खेळ.

चव्वेचाळीस वर्षांचे सगळे एका क्षणात त्या टेबलावर होते.

वन्सं म्हणाल्या, "हा माझा. मी केलाय. दिसत नाही ना मला, म्हणून असा."

धाकटे मालक हसले, छान म्हणाले आणि गेले. पंधरा दिवसांनी आम्हा दोघींना सर्व पट घेऊन कचेरीत बोलावणे आले. आम्ही एकच पट नेला.

मोठे काचेचे टेबल होते. धाकटे मालक, कंपनीचे वकील, आणि दारापाशी माझा मुलगा, मान खाली घालून फोन चाळत. वकिलांनी वन्संना आदराने विचारले की हा खेळ आपणच केला हे कशावरून. वन्संनी पंखा बंद करायला सांगितला. मग वकिलांना म्हणाल्या, "बसा. खेळून ठरवू."

वकील बसले. सात वेळा सोंगटी उचलली आणि सातही वेळा पत्रा वाजला. आठव्या वेळी त्यांनी कोट काढला. वन्संच्या बोटांचा आवाज कोणालाच आला नाही. त्या कधी शेवटच्या घरात पोचल्या, ते त्यांनी सांगितल्यावर कळले.

धाकटे मालक वडिलांसारखेच हुशार आहेत. त्यांनी चहा मागवला आणि वन्संपुढे करार ठेवला. खेळ तुमचाच, मान्य. आपण तो 'ही मी निघाले'च्या नव्या आवृत्तीत घेऊ, इथे अंगठा करा.

"वाचून दाखवा," वन्सं म्हणाल्या. "सगळं वाचा. मला घाई नाही."

वकिलांनी वाचायला सुरुवात केली. नववे कलम आले तसे मी खाली बघितले. वन्संनी ते पुन्हा वाचायला लावले. मग माझ्या दिशेला वळल्या आणि हळू आवाजात विचारले, "वहिनी, यावर तू सही केली होतीस?"

मी हो म्हटले.

त्यांनी समोरचा चहा बाजूला सारला. मग वकिलांना म्हणाल्या, "इथे 'दाखवतील' असं लिहिलंय. मला तीस वर्षांत कुणी काही दाखवलेलं नाही. चल वहिनी, घरी जाऊ."

आम्ही पट उचलला आणि निघालो. पुढे कंपनीकडून पत्र आले नाही. आंधळ्या बाईला कोर्टात ओढले असे वर्तमानपत्रात यावे, ही त्यांची इच्छा नसावी. माझ्या वकीलबाई म्हणतात की त्यांचा हक्क तरीही संपलेला नाही, झोपलेला आहे, आणि मी जिवंत आहे तोवर त्याला जागे करू नये. करारात माझ्या मरणानंतरचे काही लिहिलेले नाही. मी मरेन हे तेव्हा कोणाच्या मनात आले नसावे. म्हणून सतराही खेळांचे नियम लिहिलेले पाकीट मोहोरबंद आहे आणि वकीलबाईंनीही ते पाहिलेले नाही. हे मृत्युपत्रही माझ्या पश्चातच उघडावे.

सबब मी असे जाहीर करते की सतराही खेळ मी, एकटीने, माझ्या घरी तयार केले आहेत. वन्सं कचेरीत जे बोलल्या ते मला वाचवण्यासाठी बोलल्या. हे खेळ, त्यांचे पट, सोंगट्या, पाकीट आणि त्यांवरील सर्व हक्क मी वन्संना देत आहे. त्यांनी ते छापावेत, वाटावेत किंवा ठेवावेत. ज्याने छापायचे त्याने त्यांत धाकटी, तिची बॅग किंवा हिरवी खिडकी घालू नये.

हे छान झाले, असे कोणी डोळस माणूस माझ्यासमोर म्हणणार नाही, हे मी जाणून आहे. त्याची सवय झाली आहे असे लिहिणार होते, पण खोटे कशाला लिहा. झालेली नाही.

कलम सातवे : मुलाविषयी

हा मसुदा मी काल दुपारी वन्संना वाचून दाखवला. त्यांनी सगळे ऐकले आणि म्हणाल्या, "खेळ सुटतील. बरं झालं. पण तू गेल्यावर मी खेळू कुणाशी?"

इतकी वर्षे मी कपाटातल्या खेळांचा विचार केला, खुर्चीतल्या माणसाचा केला नाही.

कचेरीतल्या प्रकारानंतर मुलगा महिनाभर आला नव्हता. मग एका रविवारी आला, बूट काढले, आणि आत्यासमोर माझ्या खुर्चीत बसला. कसे खेळतात ते विचारले. वन्सं म्हणाल्या, "आधी डोळे मीट." त्याने मिटले. दोन चालींनंतर वन्सं म्हणाल्या, "उघडलेस." त्याने कबूल केले. पुन्हा मिटले, आणि वाईट रीतीने हरला. जाताना दारात मला म्हणाला, "आई, तेवीस आवृत्त्या विकल्या मी. एकदाही बसून खेळलो नव्हतो."

मला न विचारता धाकट्या मालकांना घरी आणल्याचा राग माझ्या मनात अजून आहे आणि तो मी कोणाच्याही नावे करून ठेवत नाही, माझ्याबरोबर नेते.

त्यानंतर तो तीनदा आला. मध्ये दोन रविवार आला नाही.

वकीलबाईंचा सल्ला असा होता की घर मुलाला देताना अट घालावी : दर रविवारी आत्याशी एक डाव. न पाळल्यास घर वन्संच्या इच्छेप्रमाणे जाईल. कायद्याने असे करता येते. त्यांनी ते कलम टाईप करून आणलेही होते. मी ते आज सकाळी त्यांना परत दिले. घर त्याचे आहे, तो येवो वा न येवो. आत्याचा राहण्याचा हक्क वेगळा आणि पक्का आहे. पण तिच्यासमोर बसायला तो कागदाच्या धाकाने आलेला मला नको आहे. वन्संना दुसऱ्याच चालीत ते कळेल.

तेव्हा येथे अट म्हणून नाही, फक्त त्याच्या माहितीसाठी लिहिते. आत्या दुपारी चारनंतर मोकळी असते. तिच्या उजव्या मुठीकडे लक्ष ठेव.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. वर लिहिले ते सर्व माझ्या समजुतीने खरे आहे. जे खोडले आहे ते माझ्याच हाताने खोडले असून तेथे आद्याक्षरे घातली आहेत. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली. दोघांनाही या कागदाने काही मिळत नाही.

(सही)
खेळ तयार करणारी

साक्षीदार :
१. (सही) समोरच्या घरात राहणारे निवृत्त पोस्टमास्तर. शाई त्यांच्याच पेनाची आहे.
२. (सही) डॉक्टर, ज्यांनी दाखला दिला.

ठिकाण : राहत्या घरातील पुढची खोली
दिनांक : ११ मार्च २०२५, मंगळवार, दुपारी सव्वातीन. वन्सं आतल्या खोलीत आहेत. त्यांना डावासाठी सह्या होईपर्यंत थांबायला सांगितले आहे.